दुसरा डोळा ऑफ कॅमेरा

'आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन' ही म्हण ज्याने कुणी काढली त्याने आयुष्यात कधी आयलायनर लावलेलं नसणार, हे मी छातीठोकपणे सांगते. एक डोळा काय हो, कुणालाही जमतो. मला सुद्धा जमतो. खोबणीत मऊ तपकिरी सावली, पापणीवर जराशी चमक, कोपऱ्यातून निघालेली लायनरची शेपटी भुवईच्या टोकाकडे रोखून बघतेय, आणि आरशात बघून वाटतं की आपण उगाच नोकरीबिकरी करत बसलोय. आणि मग दुसरा डोळा करायला घ्यायचा.

व्हिडिओवाल्या मुलींना हे बरोब्बर माहितीये. पहिला डोळा त्या क्लोजअपमध्ये करतात, गप्पा मारत मारत, ब्रश कसा धरायचा, कुठून सुरू करायचं सगळं दाखवतात, आणि तो झाला की गोड हसून म्हणतात, "आता दुसरा डोळा मी ऑफ कॅमेरा करून येते." कट. परत येतात तेव्हा दोन्ही डोळे सेम टू सेम. मधे किती वेळ गेला, किती कापूस लागला, घरातल्या कुणावर आवाज चढला, हे कुणीच कधी दाखवलेलं नाही. माझ्या मते खरं ट्युटोरियल तेच आहे आणि ते मुद्दाम दाबून ठेवलंय.

आता दुसरा डोळाच का अवघड, तर त्याला कारणं आहेत, नुसतं माझं रडगाणं नाहीये. एक म्हणजे हात. उजव्या हाताने उजवा डोळा करताना कोपर टेबलावर टेकवलं की हात आपला सरळ बाहेरच्या बाजूला जातो. डाव्या डोळ्यासाठी तोच हात नाकावरून पलीकडे न्यायचा, मनगट वाकडं करायचं, त्यात आपल्याच हाताने अर्धा आरसा झाकला जातो आणि जो डोळा रंगवायचाय तो मिटलेला, म्हणजे उरलेल्या एका डोळ्याने काम बघायचं. दुसरं कारण म्हणजे चेहरा. कुणाचाच चेहरा दोन्हीकडून तंतोतंत सारखा नसतो. माझी डावी भुवई किंचित वर आहे आणि उजवी पापणी जरा जड, हे मला आयशॅडो घेईपर्यंत माहीतच नव्हतं, सुखात होते मी. तर सारखाच रंग सारख्याच उंचीवर लावला तरी तो दोन डोळ्यांवर वेगळा दिसतो, म्हणून आधी दोन्ही डोळे उघडे ठेवून, आरशात सरळ बघत खूण करायची आणि मग मिटून भरायचं. पापणी जड असेल तर खोबणीतला रंग खऱ्या घडीच्या थोडा वर न्यायचा, नाहीतर डोळा उघडला की सगळी कलाकारी घडीत गुडुप होते आणि समोरचा विचारतो, "अगं तू आवरायला कधी घेणार?"

तरी आयशॅडो बिचारी गरीब आहे, ती सांभाळून घेते. फक्त आधी प्राइमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पातळ थर, लावायचा. पापणीची कातडी अंगावरची सगळ्यात पातळ, वर तेलकट, आणि माणूस मिनिटाला साधारण १५ वेळा पापण्या मिचकावतो म्हणजे तासाला झाले ९००, एवढी उघडझाप चालू असताना कोरड्या पावडरीने जागेवर बसून राहावं ही अपेक्षाच अन्यायाची आहे. मग आपल्या कातडीपेक्षा एखाद्याच छटेने गडद असा मॅट रंग फुगीर ब्रशने खोबणीत, ब्रश दांड्याच्या पार टोकाला धरून, कारण जवळ धरला की जोर पडतो आणि जोर पडला की धब्बा. चमकीचा रंग मात्र सरळ बोटाने थापायचा, तो बोटानेच सगळ्यात छान बसतो, हे ज्ञान ब्रशचा मोठा सेट विकत घेतल्यानंतर मिळतं. आणि डोळे आधी, फाउंडेशन नंतर. गडद रंगाचा भुगा गालावर सांडतोच सांडतो, आणि फाउंडेशनवर सांडलेला काळा भुगा पुसायला गेलं की गालाचा जो काही करडा नकाशा होतो ना, त्यावर उपाय एकच, तोंड धुऊन पहिल्यापासून.

रंगांबद्दल एकच सांगते, लालसर आणि विटकरी रंग पॅलेटमध्ये फार सुंदर दिसतात. मी हौसेने लावले, दोन्ही डोळे चक्क सारखे जमले, बाहेर आले तर धाकटी बहीण दोन पावलं मागे सरकली. "ताई, डोळे आलेत का गं? हात लावू नकोस कशाला." नंतर तिनेच शिकवलं की लाल रंग लावायचा तर पापणीच्या केसांच्या मुळाशी काळी नाहीतर गडद तपकिरी रेघ हवीच, ती रेघ असली की मेकअप, नसली की इन्फेक्शन.

चष्म्याचं दुःख तर चष्मेवाल्यांनाच कळेल. चष्मा घातला तर डोळ्याला हात लावता येत नाही आणि काढला तर डोळा कुठे आहे तेच दिसत नाही, म्हणून मग आरशाला नाक लागेपर्यंत पुढे जायचं, श्वासाने आरसा धुरकट होतो, तो पुसायचा, परत पुढे. मोठं दाखवणारा आरसा आणला तर त्यात रेघेपेक्षा स्वतःची रोमछिद्रंच जास्त दिसतात आणि मन भलतीकडे जातं. आणि एवढं सगळं करून वर मायनस नंबरचा चष्मा चढवला की डोळे होते त्याहून लहान दिसायला लागतात. प्लसवाल्यांचे मोठे दिसतात, त्यांचं नशीब, पण मग त्यांच्या चुका पण मोठ्या दिसतात.

आता विंग, म्हणजे ती लायनरची शेपटी. खरी लढाई इथे होते. शास्त्र सोपंय, खालच्या पापणीची रेघ तशीच पुढे भुवईच्या टोकाच्या दिशेला गेली असती तर कुठे गेली असती ती जागा बघायची, तिथे एक ठिपका द्यायचा, दोन्हीकडचे ठिपके आधी देऊन घ्यायचे, आणि मग एका दमात रेघ न ओढता छोट्या छोट्या तुकड्यांनी जोडत यायचं. डोळा मात्र ताणायचा नाही, ताणून ओढलेली रेघ सोडल्यावर सुरकुतते. एवढं सगळं केलं तरी डावी शेपटी उजवीपेक्षा केसभर जाड होते. मग उजवी जाड करायची. आता उजवी जास्त झाली, मग डावी. लोण्याच्या गोळ्यासाठी भांडणाऱ्या दोन मांजरींचा न्याय करायला बसलेलं ते माकड आठवतं का, या पारड्यातलं खा, त्या पारड्यातलं खा, तसं माझं चालतं, फक्त इथे लोणी कमी न होता वाढत जातं आणि रेघा कानाच्या दिशेने निघतात. शहाण्या बायका असं करत नाहीत. त्या वाढवत नाहीत, खोडतात. चपट्या बारीक ब्रशला थोडं कन्सीलर, म्हणजे डाग झाकायचं कातडीच्या रंगाचं क्रीम, लावून शेपटीच्या खालची कड साफ केली की रेघ आपोआप धारदार होते. आणि हो, एक डोळा पूर्ण करून मग दुसरा, असं कधीच करू नका, प्रत्येक पायरी दोन्हीकडे करत चला, म्हणजे निदान गोंधळ तरी दोन्हीकडे सारखा होतो.

मस्कऱ्याबद्दल फार काही नाही, तोंड उघडल्याशिवाय तो लावता येत नाही, का ते विचारू नका, बघा प्रयत्न करून. कांडी बाटलीत खुपसून पंपासारखी वरखाली करू नका, हवा जाऊन तो वाळतो. आणि उघडल्यापासून तीनेक महिन्यांत फेकून द्या, कितीही जीव तुटला तरी, कारण ती कांडी रोज डोळ्यापाशी जाऊन परत बाटलीत जाते. डोळ्याच्या बाबतीत कंजुषी नको. १९३३ साली अमेरिकेत 'लॅश ल्यूर' नावाचा पापण्या रंगवायचा रंग निघाला होता, त्याने बायकांच्या डोळ्यांना भयंकर इजा झाल्या, दृष्टी जाण्यापर्यंत मजल गेली, आणि शेवटी १९३८ च्या कायद्याने तिथे सौंदर्यप्रसाधनं सरकारच्या देखरेखीखाली आली. तेव्हा अंगठ्याने टोपण पुसून 'अजून चालेल' म्हणणाऱ्या माझ्यासारख्यांनी जरा दमानं घ्यावं.

आणि मग कार्यक्रमाहून दमून यायचं आणि हे सगळं उतरवायचं. कापसावर मायसेलर वॉटर घेऊन डोळ्यावर काही सेकंद नुसतं धरून ठेवायचं, मग हळूच खाली ओढायचं, घासायचं नाही, वॉटरप्रूफ असेल तर तेल असलेलं रिमूव्हर लागतं, हे सगळं मला पाठ आहे. पण रात्री बारा वाजता कोण एवढं करतंय, दोनदा कापूस फिरवायचा, 'निघालं' म्हणायचं आणि झोपायचं. सकाळी आरशात बघावं तर दोन्ही डोळ्यांभोवती अशी मऊ, धुरकट, कुठे कड म्हणून दिसणार नाही अशी स्मोकी आय झालेली असते, आणि दोन्हीकडे अगदी सारखी! आणि जायचं कुठे असतं, तर दात घासायला.