ट्रॉलीला मागचा दिवा काहून नाही?

परवा रात्री वणीहून येताना कापसाची ट्रॉली अंधारातून एकदम पुढ्यात! मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, साधी लाल चिंधीसुद्धा नाही. थोडक्यात वाचलो. बोललो तर म्हणतो, "इथंच तर जायचं हाय, दिवा काहून लागते भाऊ?" अरे, मागून येणाऱ्याला कसं दिसणार? काळीपिवळीत पंधरा माणसं, दोघं मागे लटकलेली. हेल्मेट आरशाला, लेकरू टाकीवर. रस्त्यात कोणी मरता कामा नये, हे स्वीडनच्या संसदेनं १९९७ मध्येच ठरवलं. २०२२ मध्ये तिथं २२७ गेले. आपल्याकडे १,६८,४९१! लोकसंख्येच्या हिशेबानंही पाचपट. एक वायर जोडायला असा किती वेळ लागतो?