सिंकखाली मशीन नको, सिंकमधे जाळी पाहिजे

इन्स्टावर अमेरिकेतली किचनं बघून आमच्याकडं पण बऱ्याच जणांना वाटायला लागलंय की सिंकखाली ते खरकटं दळणारं मशीन पाहिजेच. ते काय आजचं नाही ओ, १९२७ साली जॉन हॅम्स नावाच्या आर्किटेक्टनं विस्कॉन्सिनमधे बनवलेलं, आणि न्यूयॉर्कच्या बऱ्याच भागात तर गटारांच्या काळजीनं त्याला बंदी होती, ती १९९७ मधे उठली. न्यूयॉर्कला टेन्शन, तर आमच्या सांगलीच्या गटारांचं काय घेऊन बसलाय.

माझं स्पष्ट मत, मशीन नसणं हा प्रॉब्लेमच नाही. खरा प्रॉब्लेम पाण्याचा आहे. घाण वास, चिलटं, झुरळं, पिशवीतनं गळणारं ते काळं पाणी, सगळं ओलाव्यामुळं. सिंकमधे बारीक जाळी ठेवा, चहाचा चोथा, भाताची शितं तिथंच अडवा, निथळू द्या आणि मग डब्यात टाका, निम्मा त्रास तिथंच संपतो. भात पाईपमधे फुगतो आणि कणीक चिकटते. तेलाचं तर विचारूच नका, गरम पाणी ओतलं की गेलं असं वाटतं पण ते पुढं जाऊन थंड होऊन थिजतं, म्हणून कढई आधी जुन्या पेपरनं पुसायची, मग घासायची. तळणीचं उरलेलं तेल बाटलीत भरून ठेवा, मोरीत नको.

आता गायीचा विषय. राग आला तरी चालेल. सणानंतर कोपऱ्याकोपऱ्यावर शिळा भात, पुरणपोळ्या कॅरीबॅगला गाठ मारून ठेवलेल्या दिसतात, पुण्य म्हणून. गाय पिशवीसकट खाते, प्लॅस्टिक पोटात तसंच साठत राहतं. आणि पिशवी काढून दिलं तरी भात-चपाती एकदम जास्त पोटात गेली की आत आंबतं, आम्ल वाढतं, पोट फुगतं, जनावर दगावतं सुद्धा, कुठल्याही गोठेवाल्याला विचारा. भाजीचे देठ, मटारची टरफलं द्या की, हातानं, थोडी थोडी.

ज्यांना बाल्कनीत खत करायचंय त्यांनी महागडं किट घेऊ नका. जुन्या बादलीला भोकं पाडा, एक थर ओला, त्यावर सुक्याचा जाड थर. सुकं म्हणजे पालापाचोळा, नारळाच्या शेंड्या, आणि आपल्याकडं तर उसाचं पाचट आहे, लोक शेतात पेटवून देतात ते! मूठभर पिळून बघा, एखाद-दुसरा थेंब आला तर बरोबर, धार लागली तर अजून सुकं घाला. वास मारतंय म्हणजे हवा कमी पडतीय, ढवळा. जाड मळकट अळ्या दिसल्या म्हणून किंचाळू नका, त्या बहुतेक ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या असतात, कचरा फस्त करतात.

मटण-चिकनची हाडं मात्र बादलीत नको. जंतू मरायला ढीग ५५ डिग्रीच्या आसपास तापावा लागतो, बादली काय तेवढी तापत नाही, उलट उंदीर येतात. शिजलेली हाडं कुत्र्याला पण देऊ नका, त्यांच्या टोकदार काचरी होतात. पेपरात गुंडाळून रोजच्या रोज घंटागाडीच्या ओल्या कचऱ्यात द्यायची, बास. फुटलेला ग्लास, ब्लेड त्यात घालू नका, वेगळं जाड कागदात बांधून हातात सांगून द्या, गाडीवरची माणसं हातानंच निवडतात ओ ते.

आणि हो, विश्रामबागच्या बाजूला कोणाकडं सुकं पाचट मिळत असेल तर कमेंटमधे टाका, पोत्यानं न्यायला येतो.