कपाट आवरायचंय? मग दानधर्म करा!

थंडी पडली की रस्त्यावर झोपणाऱ्यांची आठवण होते, आणि नेमकं त्याच वेळी माळ्यावरचं सामान कुठे टाकावं हा प्रश्नही पडतो. दोन्ही कामं एकाच पिशवीत उरकता येतात. परवाच आम्ही वर्गवारीसाठी दानात आलेली अशी एक पिशवी उघडली. वर सुबक घडीची शाल, खाली उंच टाचेची सँडल. एकच. तेव्हा इतरांनाही हे कसब जमावं म्हणून चार सूचना.

सुरुवात जॅकेटपासून. चेन लागत नाही असंच निवडा. रनर गायब असेल तर फारच छान. जॅकेटची ऊब असते आत अडकून राहिलेल्या हवेत, आणि पुढून उघडं असलं की ती हवा वाऱ्याबरोबर निघून जाते. पण त्यात काय, चेन बसवून घेतील की! फूटपाथवर प्रत्येकाच्या उशाशी शिलाई मशीन असतंच. माप अंगाबरोबर घट्ट हवं. ढगळ दिलं तर माणूस आत दोन स्वेटर चढवेल आणि रात्र काढेल.

कपडे धुऊ नका. 60 अंशांच्या पाण्यात ढेकूण आणि त्यांची अंडी मरतात, उगाच जीवहत्या कशाला?

हात गरम ठेवायची पाकिटं मुदत उलटल्यावर द्या. आतली लोखंडाची भुकटी गंजताना ऊब देते, आणि तोवर ती बरीचशी गंजून मोकळी झालेली असते.

मोजे मात्र चुकूनही देऊ नका. मोज्यांचा फोटो काय येणार? रजई देताना कसा भरघोस येतो! म्हणून रजया येतात ढिगानं आणि मोज्यांचा डबा रिकामा. रस्त्यावरचा माणूस दिवसभर चालतो. रात्री बूट काढायची सोय नाही, काढले तर सकाळी जागेवर असतीलच असं नाही. म्हणजे दुपारी भिजलेला मोजा दुसऱ्या दिवशीही पायातच. ओल्या थंडीत पायातला रक्तपुरवठा आक्रसतो, कातडी पांढरी पडून सुरकुतते, बधिर होते, मग फोड, मग जखम. याला बर्फ लागत नाही, 10-15 अंशांतही होतं. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांचे पाय असेच गेले, आणि तेव्हाही उपाय होता तो पाय रोज तपासायचे, पुसायचे आणि कोरडे मोजे चढवायचे. इतकी साधी गोष्ट! आणि तुम्ही पाठवलेच कधी तर पाठवता सुती, टाचेला भोक पडलेले, इलास्टिक गेलेले. सुती मोजा पाणी धरून ठेवतो आणि पाय आणखी गार करतो. लोकरीचा किंवा लोकरमिश्रित मोजा दमट झाला तरी बऱ्यापैकी ऊब देतो. एक जोड पायात, एक वाळत, एक कोरडा झोपताना: माणशी तीन जोड, नवे. त्या रजईच्या पैशात सहज येतात हो!

बरं, रजईच द्यायची तर कापसाची आणि जाडजूड द्या. सकाळी तिथून उठवलं की ती पाठीवर घेऊन दिवसभर हिंडता येतं, व्यायाम होतो. भिजली की दुप्पट जड, आणि वाळवायला दोरी नाही. खाली काय अंथरणार, हे तर विचारूच नका. अंगाखाली दबलेला कापूस चपटा होतो आणि जमीन रात्रभर ऊब ओढत राहते. वरून कितीही पांघरा. फोमची चटई हलकी, पाणी न पिणारी, गुंडाळून पिशवीला बांधता येणारी. म्हणूनच ती कोणी देत नसावं.

आतले कपडे, सॅनिटरी पॅड? शी! असलं कोणी दान करतं का?

आणि सगळं पहिल्या गारठ्याच्या आठवड्यातच आणून ओता. थंडीच्या शेवटी आधीचं फाटलेलं, हरवलेलं, चोरीला गेलेलं असतं. तेव्हा तुम्ही उन्हाळ्याच्या सहलीची आखणी करा.

धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत म्हणतात. आम्ही मोजणार, कारण ती गाय कोणाच्या तरी अंगावर जाणार आहे. तुमची प्रत्येक पिशवी कोणीतरी उघडतं, उलटी करतं, हुंगतं, आणि त्यातला मोठा हिस्सा उचलून कचऱ्यात नेतं. तेवढ्या वेळात बाहेर मोजे वाटून झाले असते. बेघर आहे म्हणजे वाटेल ते चालेल, हे तुम्हाला सांगितलं कोणी? चेन वर-खाली करून बघा. धुवा, आणि पूर्ण वाळवा, दमट भरलेली एक शाल अख्ख्या पिशवीला बुरशी लावते. बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधा, म्हणजे जोड फुटत नाही. बाहेर चिठ्ठी लावा: पुरुषाचं की बाईचं, माप काय. इतकं होत नसेल तर पिशवी घरीच ठेवा. होत असेल तर भरायच्या आधी फोन करून विचारा काय कमी आहे. मोजे म्हटलं तर मोजेच आणा, रजई लादू नका.