भेळेच्या गाडीमागची भिंत

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली, तेव्हा असंख्य कोल्हापूरकरांप्रमाणे मीही तिथे जाऊन उभा राहिलो होतो. दुसऱ्या दिवशी संगीतसूर्य केशवरावांची जयंती होती आणि शाहू महाराजांनी उभारलेले, १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेले ते नाट्यगृह डोळ्यांदेखत जळत होते. घरी परतल्यावर मी पहाटेपर्यंत जुने फोटो चाळत बसलो. प्रवासात जुन्या इमारतींचे फोटो काढण्याचा माझा पंधरा वर्षांचा परिपाठ आहे, पण घरापासून दहा मिनिटांवरच्या या वास्तूचा एकही धड फोटो माझ्याकडे निघाला नाही. नाटकांचे आणि सत्कारांचे फोटो पुष्कळ होते. इमारतीची बाजू दिसत होती ती फक्त एका फोटोत, आणि तोही खाऊगल्लीतल्या भेळेच्या गाडीचा होता. पातेल्यात भेळ कालवणारा हात, लटकवलेला दिवा, वाट पाहणारी दोन शाळकरी मुले आणि त्यांच्या पाठीमागे नाट्यगृहाची भिंत. भिंतीसाठी तो फोटो मी काढलाच नव्हता.

त्या रात्रीपासून माझे एक मत पक्के झाले आहे. जुनी वास्तू आणि तिच्यासमोरचा रस्ता हे दोन निराळे विषय नाहीत, आणि ते निराळे काढण्याची आपली सवय सोडायला हवी. आपण वास्तूचा फोटो काढताना माणसे बाजूला होण्याची वाट पाहतो, घरी आल्यावर विजेच्या तारा पुसून टाकतो आणि पानाची टपरी चौकटीबाहेर ठेवतो. राहते ते सुंदर असते, पण ते कोणत्या वर्षीचे आहे हे त्याकडे पाहून सांगता येत नाही. टपरी, दुकानाची पाटी, उभी असलेली दुचाकी यांवरूनच पुढे कधीतरी काळ ओळखता येतो.

कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याची मला तितकी काळजी वाटत नाही. मेजर मॅंट यांच्या आराखड्यानुसार १८७७ ते १८८४ या काळात बांधलेल्या त्या वाड्याचे आणि त्याच्या अष्टकोनी मनोऱ्याचे फोटो रोज शेकडो लोक काढतात. त्यांच्यासाठी अनुभवाची एकच गोष्ट सांगतो. काळा दगड समोर असला की कॅमेरा तो मुद्दाम उजळ करतो आणि आपला बेसाल्ट राखेसारखा दिसू लागतो, म्हणून कॅमेऱ्यातला प्रकाश (एक्स्पोजर) थोडा उतरवून घ्यावा. पावसात भिजलेल्या दगडाचा खरा काळेपणा तेव्हाच मिळतो. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरातही स्वर्गमंडपाच्या ४८ खांबांमध्ये उभे राहून वरच्या गोल झरोक्यातले आकाश प्रत्येक जण टिपतो, आणि ते टिपावेच.

माझा जीव अडकतो तो खिद्रापूरला जाताना वाटेत लागणाऱ्या घरांत. शिरोळ तालुक्यातल्या एका गावात मी भेंड्यांच्या, म्हणजे मातीच्या कच्च्या विटांच्या, भिंतींच्या एका घरासमोर थांबलो होतो. नळीची कौले, पुढे सोपा म्हणजे ओसरी, सागवानी चौकट आणि त्या चौकटीवर खडूने नव्हे, तर तेलरंगाने ओढलेल्या तीन आडव्या रेघा होत्या. त्यांच्यापुढे २००५, २०१९ आणि २०२१ असे आकडे होते. महापुराचे पाणी कुठवर चढले, हे घरच्यांनीच नोंदवून ठेवले होते. सर्वांत वरची रेघ माझ्या खांद्याच्याही वर होती. सोप्यात बसलेल्या आजींना फोटो काढू का, असे विचारले. त्या म्हणाल्या, “काढ की बाबा. पण रेघंजवळ मी हुबी ऱ्हाते, म्हंजे पाणी किती आल्तं ते कळंल.” मापासाठी फोटोत माणूस असावा, हे मला पुस्तकातूनही इतके नेमके कुणी शिकवले नव्हते. आजी चौकटीला टेकून उभ्या राहिल्या, तेव्हा २०१९ ची रेघ त्यांच्या डोक्यावरून जात होती.

पुढच्या वर्षी त्या फोटोची प्रत घेऊन गेलो, तर मागच्या दोन भिंती उतरवून तिथे सिमेंटचे काम सुरू झाले होते. त्यात चूक काही नाही. ज्यांच्या घरात तीनदा पाणी शिरले, त्यांनी माझ्या छंदासाठी मातीच्या भिंती राखाव्यात, अशी अपेक्षा धरण्याचा मला अधिकार नाही. मला एवढेच वाटते की भिंत उतरण्याआधी कुणीतरी तिचा समोरून, पूर्ण, सरळ फोटो घ्यावा, त्यावर गाव आणि तारीख लिहावी आणि एक प्रत त्या घरात द्यावी. माझ्या पहिल्या सहा-सात वर्षांच्या फोटोंवर गावांची नावेच नाहीत, आणि त्याचे मला आज फार वाईट वाटते.

हीच गोष्ट गुऱ्हाळांची. राधानगरी रस्त्यालगत पूर्वी दिसणारी गुऱ्हाळघरे एकेक करून बंद पडत आहेत, आणि गुऱ्हाळघराला कुणी वास्तू म्हणतही नाही. पण आत जाऊन पाहावे. छपराच्या धुराने काळवंडलेल्या कैच्या, फटींतून उतरणारे उन्हाचे पट्टे, चुलवाणात वाळलेली चिपाडे सारणारा माणूस आणि उसाचा रस उकळणाऱ्या काहिलीतून उठणाऱ्या वाफेत अर्धा दिसेनासा झालेला गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर. उंच छप्पर आणि मोकळ्या बाजू ही त्या इमारतीची रचना वाफ आणि धूर बाहेर जावा म्हणूनच झालेली असते, त्यामुळे काहील थंड असताना काढलेल्या फोटोत ती इमारत कळतच नाही. वाफेने भिंग धूसर होते. दोन मिनिटे आत थांबून ते कोमट होऊ द्यावे, मग पुसावे.

आता एक विनंती. नाट्यगृहाच्या बाहेरच्या भिंतींचा, खासबाग मैदानाच्या बाजूचा, २०२४ पूर्वीचा कोणताही फोटो तुमच्याकडे असेल, समोर तुमचे कुटुंब उभे असेल किंवा हातात भेळेची पुडी असेल, तरी तो कापून न घेता पूर्ण इथे टाका आणि वर्ष आठवत असेल तर लिहा. माझा भेळेच्या गाडीचा फोटो मी सर्वांत आधी टाकत आहे. तो मे २०१७ मधला आहे, वेळ संध्याकाळी साडेसातची.