न्यूझीलंडची खरूज ‘एका औषधात’ गेली नव्हती

‘न्यूझीलंडनं सव्वाशे वर्षांपूर्वी मेंढ्यांची खरूज कायमची संपवली. एक कायदा, एक औषध, शिस्तीचे शेतकरी. आपले धनगर मात्र अजून कळप घेऊन गावोगाव फिरतात, मग रोग हटणार कसा?’ पशुपालनाच्या गटांत हा मजकूर फिरतोय आणि खाली अंगठ्यांची रांग लागते. यातलं पहिलं वाक्य खरं आहे. पुढचं एकेक तपासू.

आधी औषध. ही खरूज करणारा किडा मिलिमीटरभरही नसतो. तो कातडीला टोचतो, पाझरणारा द्रव वाळून खपली धरते, मेंढी खांबाला अंग घासत सुटते आणि लोकर झुपक्यांनी गळते. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरच्या कँटरबरी प्रांतातले मेंढपाळ तंबाखू आणि गंधकाच्या गरम काढ्यात मेंढ्या बुचकळून काढत. किडे मरत, अंडी मरत नसत. म्हणून दहा-चौदा दिवसांनी, अंड्यांतून निघालेले किडे पुन्हा अंडी घालायच्या आत, सगळा कळप परत टाकीत उतरवायचा. तोवर त्याला जुन्या रानात सोडायची सोय नाही, कारण खांबाला चिकटलेल्या लोकरीतही किडा दोनेक आठवडे तग धरतो. त्यात डोंगरातून कळप खाली आणताना एखाद्या घळीत चार मेंढ्या राहून गेल्या, की सगळा खर्च पाण्यात. शब्दशः.

त्यामुळे खरी मदार औषधावर नव्हती, नजरेवर होती. सरकारी मेंढी-निरीक्षक घोड्यावरून कळपाकळपाला जात. वरून लोकर धडधाकट दिसली तरी ती बोटांनी फाकवून मुळाशी बघावं लागतं. एक खूण सोपी आहे: संशयित जागी खाजवलं, की खरजेची मेंढी मान वळवून ओठांनी हवेतच कुरतडल्यासारखं करते. हजारोंच्या कळपात अशी एक मेंढी हुडकायची, हे काम टाकीत बुचकळण्याहून चिकट.

‘एक कायदा’ म्हणावं, तर पहिला अध्यादेश 1849 चा. पुढे प्रत्येक प्रांताचे नियम वेगळे. कँटरबरीनं कडक व्हायचं आणि हुरुनुई नदीपलीकडून, नेल्सन प्रांतातून, खरजेची मेंढी अलीकडे यायची. म्हणून नदीच्या हद्दीवर राखणदार बसवावे लागले. साऱ्या देशाला एकच कायदा मिळाला तो 1878 मध्ये. त्यानंतर मेंढीवाल्यांकडून पट्टी घेतली जाई, आणि कुणाकडे किती मेंढ्या याची नावानिशी यादी दरवर्षी संसदेच्या कागदपत्रांत छापली जाई. उत्तरेकडे मार्लबरोच्या डोंगरांत रानटी झालेल्या मेरिनो मेंढ्या रोग जिवंत ठेवत होत्या. त्यांना टाकीत कोण उतरवणार? गोळ्याच घालाव्या लागल्या. देश खरजेतून सुटला तो 1890 च्या दशकाच्या पूर्वार्धात. पहिल्या अध्यादेशापासून धरलं तर चाळीसहून जास्त वर्षं.

आता ‘शिस्तीचे शेतकरी’. इथे मला हसू येतं. ख्राइस्टचर्चच्या उत्तरेला वायपाराजवळ ग्लेनमार्क नावाचं प्रचंड कुरण होतं, त्याचा मालक जॉर्ज हेन्री मूर. वसाहतीतल्या बड्या धनिकांत त्याची गणना. लोकांनी त्याला नाव ठेवलं ‘स्कॅबी मूर’, म्हणजे आपल्या भाषेत खरजुल्या मूर. शेजाऱ्यांचे कळप धोक्यात आले, दंड झाले, तरी त्याला मेंढ्या साफ करायची घाई नव्हती. दंड भरणं त्याला परवडत होतं. चार मेंढ्यांच्या मालकाला तोच दंड आयुष्यातून उठवेल. (याच ग्लेनमार्कच्या दलदलीत मोआ या नामशेष झालेल्या प्रचंड पक्ष्याच्या हाडांचा ढीग सापडला आणि त्या हाडांच्या जोरावर ख्राइस्टचर्चचं संग्रहालय उभं राहिलं. मूरचं नाव मात्र खरजेनंच टिकलं.)

फॉरवर्डमध्ये नसलेली एक गोष्टही सांगायला हवी. हे कळप ज्या जमिनीवर चरत होते, त्यातला मोठा भाग सरकारनं 1848 मध्ये न्गाई ताहू या माओरी समाजाकडून अवघ्या 2,000 पौंडांत घेतला होता. एकेका मालकाच्या ताब्यात अख्खे डोंगर आले, म्हणून तारेची कुंपणं घालता आली. तसं रान आपल्याकडे कुणा धनगराला मिळालंय?

राहिला फिरण्याचा मुद्दा. फिरत तेही होते. उन्हाळ्यात मेंढ्या उंच डोंगरांत चढवायच्या, बर्फाआधी खाली आणायच्या, हा तिथला वर्षाचा क्रम. कायद्यानं फिरणं थांबवलं नाही. हद्दीवर मेंढी तपासली आणि ती निरोगी असल्याचा दाखला मागितला. आपला धनगर दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातो, वाटेत कुणाच्या शेतात खतासाठी मेंढ्या बसवतो आणि पावसाआधी परततो. त्याची वाट पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आहे, मुक्कामाची गावंही बहुतेक तीच. गुरांचा दवाखाना एका गावात, कळप पुढच्या. त्या वाटेवर दर दोन-तीन मुक्कामांना तपासणीचा माणूस आणि बुचकळायची टाकी का नसावी, हे विचारणारा फॉरवर्ड अजून माझ्याकडे आलेला नाही.