क्लास पोरांना चालतो, आईबापांना का नाही?

कोल्हापुरातल्या एका शाळेनं आठवी-नववीच्या पालकांसाठी वर्ग ठेवलेत. रविवारी सकाळी दोन तास, असे पाच रविवार. वयात येणाऱ्या पोरांशी बोलायचं कसं, मोबाईलचं काय करायचं, मार्कांवरून घरात रोज जे महाभारत होतं ते कमी कसं करायचं, एवढाच विषय, फी पण नाही. आणि त्यावरून आमच्या जुन्या वर्गाच्या ग्रुपवर जे पेटलंय ते बघून मला राहवेना. "आमच्या बापानं कुठला कोर्स केलता?" "पट्ट्यानं फोडलं म्हणून घडलो." "ही सगळी फॉरेनची थेरं." हे शेवटचं माझ्यासाठी टाकलेलं, कारण मी ऑस्ट्रेलियात मेलबर्नला राहते, इथं असले वर्ग असतात आणि मी जायचे हे ग्रुपवर सगळ्यांना माहितीय.

पहिली गोष्ट म्हणजे घडलो म्हणणारे तेवढेच ग्रुपवर आहेत. नववीत शाळा सोडून गेलेली पोरं ग्रुपवर नाहीत, पट्ट्यानं त्यांचं काय घडलं ते त्यांना कोण विचारणार? आणि हे लिहिणाऱ्यांची स्वतःची पोरं संध्याकाळभर क्लासला. अबॅकस, फाउंडेशन, स्केटिंग, अक्षर सुधारायला पण क्लास. पोरगं कुठल्याही क्लासला घालायचं म्हटलं की आपण हजारो रुपये मोजतो, पण आईबापानं दोन तास बाकावर बसायचं म्हटलं की लगेच इज्जतीचा प्रश्न.

फॉरेनचं म्हणाल तर 1917 आठवा. शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड ठेवला. तेव्हाचा एक रुपया! म्हणजे पालकांना चार शब्द सुनवायचं काम आपल्या संस्थानात शंभर वर्षांपूर्वी झालंय, तेही महाराजांनी. जयंतीला स्टेटस ठेवता ना सगळे?

आता माझ्या वर्गाचं सांगते. ट्रिपल पी, म्हणजे पॉझिटिव्ह पेरेंटिंग प्रोग्रॅम म्हणतात त्याला, ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड युनिव्हर्सिटीत तयार झालेला, आणि बारा ते सोळा वयाच्या पोरांच्या आईबापांसाठी त्यात वेगळा भाग आहे. आमचा काउन्सिलच्या हॉलमध्ये असायचा, आधी गटात बसायचं आणि नंतर घरी फोनवर बोलायचं. कुणी उपदेश करत नाही. एक तक्ता देतात, पोरानं डोकं फिरवलं की तो भरायचा. कधी झालं, कुठं झालं, त्याच्या आधी काय झालेलं, नंतर काय झालं. आठवडाभर भरल्यावर मला दिसलं की आमच्याकडची सगळी भांडणं संध्याकाळी सहा ते सातच्या मधली, पोरगा उपाशी आणि मी नुकतीच कामावरून आलेली, विषय मात्र दरवेळी "अभ्यास". आणि सूचना द्यायची कशी, तर जवळ जायचं, नाव घ्यायचं, एकदाच शांत आवाजात सांगायचं आणि मग पाच सेकंद गप्प राहायचं. पाच सेकंद गप्प! कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत वाढलेल्या बाईला!

ग्रुपवर एकानं नॉर्वेतली ती बंगाली आई पण काढली, तिथल्या सरकारी बालकल्याण खात्यानं जिची पोरं काढून घेतली होती ती. अरे बाबा, नॉर्वे कुठं आणि मेलबर्न कुठं. तिकडं नॉर्वेशेजारच्या स्वीडननं 1979 मध्येच घरात मारायला पण बंदी घातली, पण इथं ऑस्ट्रेलियात आईबापानं बेतानं दिलेला फटका अजून कायद्यानं गुन्हा नाही. उलट भारतात शाळेत मारायला 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंदी आहे, हे ग्रुपवरच्या मंडळींना माहीत नाही. इथली पोरं काय सोन्याची आहेत असं पण नाही, डिसेंबर 2025 पासून सोळाच्या आतल्यांना सोशल मीडियावर अकाउंट ठेवायला सरकारला बंदी घालावी लागली, यातच काय ते आलं. पण ते मी ग्रुपवर टाकलं नाही. कशाला आयतं कोलीत द्या?

त्यांचं एक मात्र खरं आहे, आमच्या लहानपणी असल्या वर्गाची गरज नव्हती. गल्लीच होती ना. आई चिडली की मागच्या दारानं काकूकडं जायचं, काकू खायला घालणार आणि मग आईला समजावायला येणार. तालमीतले वस्ताद पोरांना जे सांगायचे ते बापाच्या तोंडून कधी ऐकलं नसतं. पण आता ती काकू कुठं आहे? वाडा पाडून अपार्टमेंट झालं, काकू पुण्याला लेकाकडं, आणि समोरच्या फ्लॅटचं दार दिवसभर बंद. तुमची पोरं माझ्या पोरांइतकीच एकटी आहेत, फक्त तुम्ही कोल्हापुरात राहता म्हणून तुम्हाला ते कळत नाही.

मला कळतं कारण मी त्या वर्गाला खरं तर पोरासाठी कमी आणि माणसांसाठी जास्त जात होते. पहिल्या दिवशी विचारलं, अडचण आली तर कुणाला फोन करता? बाकीच्यांनी आई, बहीण, शेजारीण सांगितलं. मी पण बहीण म्हणाले, पण माझ्या संध्याकाळी सहाला बहीण दुपारच्या जेवणाचं आवरत असते, ती काय करणार तिकडून. नंतर मारण्याचा विषय निघाला आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले, तेव्हा मी ताठ मानेनं सांगितलं की आमच्यात असलं काही नसतं. धडधडीत खोटं, आणि परत विचारलं तर परत तेच सांगेन. कोल्हापूरला नावं ठेवायची तर ती मी ठेवेन, त्यांनी नाही.

म्हणून तुमच्यावर चिडायचा मला हक्क आहे असं मी धरून चाललेय. वर्ग राहू देत, जाऊन बसा, नाही पटलं तर सोडा. शाळेचं एक मात्र साफ चुकलंय, रविवार सकाळ. मटणाची रांग सोडून कोल्हापुरातला कुठला बाप शाळेत येऊन बसणाराय? शनिवारी संध्याकाळी ठेवा आणि मग हजेरी घ्या.