अमेरिकेची घटना चार महिन्यांत झाली म्हणे!

26 जानेवारी जवळ आला की व्हॉट्सॲपवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा सारांश असा : स्वातंत्र्य मिळताच अमेरिकेचे थोर नेते एका खोलीत बसले, चार महिन्यांत एकमताने सात कलमांची घटना लिहून मोकळे झाले आणि पहिल्या दिवसापासून प्रत्येक माणसाला हक्क मिळाले, आपण मात्र तीन वर्षं नुसती चर्चा करत बसलो. हा मजकूर पुढे ढकलणाऱ्यांत माझे चांगले शिकलेसवरलेले मित्र आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चार महिन्यांचा आकडा खरा आहे. फिलाडेल्फियातली परिषद 25 मे 1787 ला सुरू झाली आणि 17 सप्टेंबरला संपली. पण स्वातंत्र्याची घोषणा जुलै 1776 ची. मधल्या अकरा वर्षांचं काय? कुणी फक्त अक्षता पडायला लागलेली मिनिटं मोजून लग्न तेवढ्यात उरकलं म्हणावं, तसा हा हिशेब आहे.

त्या अकरा वर्षांत अमेरिकेने एक व्यवस्था वापरून पाहिली आणि ती फसली. 'आर्टिकल्स ऑफ कन्फेडरेशन' हा तेरा राज्यांमधला करार काँग्रेसने, म्हणजे या राज्यांच्या प्रतिनिधींच्या सभेने, नोव्हेंबर 1777 मध्ये मंजूर केला. मेरीलँड अडून बसल्याने तो लागू व्हायलाच मार्च 1781 उजाडला. त्यात काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकार नव्हता. राज्यांकडे पैसे मागायचे, दिले तर दिले. सैनिकांचे पगार थकले, युद्धाचं कर्ज डोक्यावर. म्हणून आयात मालावर 5 टक्के कर लावायची दुरुस्ती पुढे आली, तर 1782 मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडने नकार दिला आणि ती बारगळली. करार बदलायला तेराही राज्यांचा होकार लागायचा. 1786 च्या सप्टेंबरात व्यापाराचे प्रश्न सोडवायला ॲनापोलिसला बैठक बोलावली, तिला पाच राज्यांचे मिळून बाराजण आले.

त्याच सुमारास पश्चिम मॅसॅच्युसेट्समध्ये कर्जाने आणि करांनी पिचलेले शेतकरी कोर्टं बंद पाडत होते, जमिनी जप्तीत जाऊ नयेत म्हणून. त्यांचा एक पुढारी डॅनियल शेज हा स्वातंत्र्ययुद्धात लढलेला कॅप्टन होता. जानेवारी 1787 मध्ये ते स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेले. काँग्रेसच्या हातात धड फौज नव्हती. बॉस्टनच्या धनिकांच्या पैशावर राज्याने सैन्य उभारलं. हे सगळं डोळ्यांदेखत घडल्यावर फिलाडेल्फियाची परिषद भरली.

शिवाय राज्यं आपापल्या घटना लिहून हात बसवत होती. मला यात मॅसॅच्युसेट्सचं उदाहरण फार मोलाचं वाटतं. तिथल्या विधिमंडळाने 1778 मध्ये घटनेचा मसुदा केला आणि गावोगावच्या सभांनी तो फेटाळला. मग घटनेसाठी वेगळी परिषद निवडली गेली, नवा मसुदा पुन्हा गावांपुढे गेला आणि 1780 मध्ये घटना आली. घटना लिहिणारी सभा वेगळी हवी आणि शेवटचा शब्द लोकांचा हवा, हा पायंडा लहान गावांतल्या अशा बैठकांनी घट्ट केला.

आता 'एकमताने'. परिषदेला 55 जण आले, सह्या 39 जणांच्या. ऱ्होड आयलंडने कुणालाच पाठवलं नाही. न्यूयॉर्कच्या तिघांपैकी दोघे जुलैतच निघून गेले. शेवटच्या दिवशी हजर असूनही मेसन, रँडॉल्फ आणि गेरी या तीन प्रतिनिधींनी सही केली नाही. सेनेटमध्ये, म्हणजे नव्या संसदेच्या वरच्या सभागृहात, लहानमोठ्या राज्यांना समान जागा देणारी तडजोड 16 जुलैला पाच विरुद्ध चार राज्यांनी तगली. मॅसॅच्युसेट्सची मतं निम्मी निम्मी फुटली. मग एकमत आलं कुठून? दस्तऐवजाच्या अखेरीस 'उपस्थित राज्यांच्या एकमताने' असं लिहिलं आहे. राज्यांच्या, माणसांच्या नाही. नाराजांनाही सही करता यावी म्हणून ते शब्द मुद्दाम तसे बेतले होते.

मूळ चर्मपत्राच्या पहिल्या पानावर पंधराव्या ओळीत 'थर्टी' हा शब्द खाडाखोड करून लिहिलेला आहे. 40 हजार लोकांमागे एक प्रतिनिधी असं ठरून सुवाच्य प्रत तयार झाली होती. शेवटच्या दिवशी तो आकडा 30 हजारांवर आणावा अशी सूचना आली, वॉशिंग्टनने परिषदेच्या अध्यक्षपदावरून तिला पाठिंबा दिला आणि लिहिलेलं खरवडून बदललं. झटपट लिहून मोकळे होणारे लोक सहीच्या दिवशी असं करत नाहीत.

'पहिल्या दिवसापासून प्रत्येकाला हक्क' हे तर सपशेल चूक. हक्कांची सनद जोडा, असं मेसनने 12 सप्टेंबरला सुचवलं, तेव्हा एकाही राज्याने बाजूने मत दिलं नाही. ती सनद दुरुस्त्यांच्या रूपाने डिसेंबर 1791 मध्ये आली, तीही राज्यांनी धरलेल्या आग्रहामुळे. आणि गुलामांना? प्रतिनिधींच्या जागा ठरवायला लोकसंख्या मोजताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरली गेली. त्या मोजणीचा फायदा मालकांच्या राज्यांना. आफ्रिकेतून गुलाम आणणं 1808 पर्यंत थांबवता येणार नाही, हे घटनेतच लिहून ठेवलं. 'प्रत्येकाला' हा शब्द वापरताना निदान या माणसांची आठवण ठेवावी.

राहिली आपली तीन वर्षं. हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला होता आणि डॉ. आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत त्याला उत्तर दिलं. अमेरिकेची कलमं 7, आपली 395. आणि आपल्या सभेत 2,473 दुरुस्त्या प्रत्यक्ष मांडल्या गेल्या.

त्यात मी फक्त एका तारखेची भर घालतो. सप्टेंबर 1787 मध्ये झाला तो मसुदा. राज्यांची मान्यता अजून बाकी होती. मॅसॅच्युसेट्सने 187 विरुद्ध 168, न्यूयॉर्कने 30 विरुद्ध 27 मतांनी ती दिली. नऊ राज्यांचा होकार पुरेसा होता, त्यामुळे नवं सरकार 1789 मध्ये सुरू झालं. तेरावं राज्य ऱ्होड आयलंड. ते 29 मे 1790 ला 34 विरुद्ध 32 मतांनी आत आलं. परिषद सुरू झाल्यापासून त्या दिवसापर्यंत तीन वर्षं आणि चार दिवस होतात. आपल्याला लागली दोन वर्षं, अकरा महिने आणि सतरा दिवस.